बासरीचं वेबपान, नोंद ४ : म ते प मींडीचा पेच

बासरीवर कुठला स्वर कोणती छिद्रं झाकून निघतो ते दाखवणाऱ्या वेबपानाचं काम चालू आहे; या खेपेचा जवळजवळ सगळा वेळ एकाच जागी गेला. की-बोर्डवर चाल बांधणारे संगीतकार पिच-बेंडचं (स्वर चढवण्या-उतरवण्याचं) चाक फिरवून म ते प अशी अखंड मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, लिहून मोकळे होतात, आणि सहा छिद्रांच्या बासरीवर ती येत नाही. वरची तीन छिद्रं बंद केली की सा. मग एकेक उघडत रे, ग. पहिलं छिद्र अर्धं झाकलं की शुद्ध म, सगळी मोकळी सोडली की तीव्र म. त्यावरचा, मधल्या सप्तकातला प मात्र सहाही बंद करून, फुंक बारीक आणि वेगवान करून काढायचा. बोट सरकवायला वाव उरतच नाही. सा ते म मात्र मऊसूत जाते.

पानावर आता दोन स्वर निवडले की छिद्रांची एसव्हीजी आकृती (वेबपानावरचं रेखाचित्र) सरकत बदलते, आणि वाट म-प ओलांडून जात असेल तर रेघ लाल होऊन तुटते. शेजारी तोडगाही दिसतो : पांढरी तीनमधल्या (हार्मोनियमच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीला सा धरलेल्या) गाण्यात ही मींड हवीच असेल, तर तेवढ्या ओळीपुरती पांढरी सहाची बासरी घ्या. तिच्यावर तेच दोन स्वर सा-रे होतात. आमच्या मते पानातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच.

माइकवरून स्वर ओळखणं अडलं होतं. ४८,००० हर्ट्‌झला (सेकंदाला ४८,००० नमुने) २,०४८ नमुन्यांचा एफएफटी, म्हणजे आवाजातल्या कंपनसंख्या वेगळ्या करणारं गणित, २३.४ हर्ट्‌झच्या पायऱ्या देतो, आणि पांढरी तीनच्या मंद्र (खालच्या सप्तकातल्या) प आणि कोमल ध यांतलं अंतर जेमतेम १४.७. नमुने ८,१९२ केले तर पायरी पुरते, पण खिडकी ०.१७ सेकंदांची होते आणि मींड फासते. त्याच २,०४८ नमुन्यांवर ऑटोकोरिलेशन (लहर स्वतःशीच ताडून तिचं आवर्तन शोधणं) लावल्यावर काम झालं. मंद्र पंचमाची दहा आवर्तनं त्यात बसतात. ब्राउझरचं नॉइज सप्रेशन, एको कॅन्सलेशन आणि ऑटो गेन तिन्ही बंद ठेवा, नाहीतर लांब स्वर गोंगाट समजून दाबला जातो.

कर्वे रस्त्याकडच्या खोलीतल्या ध्वनिमुद्रणात रहदारीची घरघर होती. १५० हर्ट्‌झखालचं कापलं, मंद्र प २४७ ला असल्याने बासरीला धक्का नाही. डिसेंबरातल्या सकाळची ध्वनिमुद्रणं दुपारच्या ध्वनिमुद्रणांत मिसळू नका : बासरीतली हवा एक अंश गार झाली की स्वर सुमारे ३ सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचा, उदा. सा ते कोमल रे, शंभरावा भाग) उतरतो.

एमपी३ च्या सुरुवातीला शांततेचा तुकडा येतो, त्यामुळे आकृती आवाजाच्या आधी हलायची. आता त्याऐवजी वेव्ह फाइल. सात छिद्रांच्या बासरीची आकृती, मंद्र पंचमाखालच्या तीव्र म सह, बाकी आहे.