न्यू हॅम्पशायरमधली उघडी वही

अमेरिकेत व्हायोलिन बनवायला शिकवणाऱ्या उन्हाळी वर्गात शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांनी त्यांची वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "हवे तेवढे फोटो काढून घे." त्यांनी आजवर केलेल्या प्रत्येक व्हायोलिनची मापं त्या वहीत होती. पुढची फळी कुठे किती जाड, पाठ किती, आतून चिकटवलेली लाकडी पट्टी, म्हणजे बेसबार, किती उंच, वॉर्निशमध्ये काय काय घातलं, सगळं. छंद म्हणून नव्हे, हे गृहस्थ याच धंद्यावर पोट भरतात. मी सांगलीत वाढलेली. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत लहानपणापासून जाणं-येणं. कारागिराची अशी वही कोणी कोणाला दाखवल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

न्यू हॅम्पशायरमध्ये उन्हाळ्यात व्हायोलिन आणि ते वाजवायचा गज हाताने बनवायला शिकवण्याची परंपरा जुनी आहे. जर्मनीतल्या मिटेनवाल्डच्या व्हायोलिन-शाळेचे प्रमुख राहिलेले कार्ल रॉय याच राज्यात डरहमला उन्हाळी वर्ग घ्यायला येत. आमच्या वर्गात एक दाताचे डॉक्टर, एक निवृत्त शिक्षिका, दोन-तीन व्यावसायिक कारागीर आणि मी.

ती उघडी वही म्हणजे एका माणसाचा चांगुलपणा असेल, असं मला आधी वाटलं. पण इथे सगळेच तसे वागतात. ओहायोत ओबरलिनला व्हायोलिन सोसायटी ऑफ अमेरिकेच्या कार्यशाळा भरतात. तिथे तर मुरलेले कारागीर येतात, एकमेकांची वाद्यं ठोकून-वाजवून बघतात आणि काय जमलं, काय नाही ते समोरासमोर बोलतात. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये इटलीचा प्रसिद्ध कारागीर स्ट्रॅडिव्हरी याचं १७०४ सालचं 'बेट्स' व्हायोलिन आहे. मिनेसोटातल्या स्टीव्हन सर (Sirr) नावाच्या रेडिऑलॉजिस्टने दोन कारागिरांना बरोबर घेऊन त्याचा सीटी स्कॅन केला, त्यावरून प्रतिकृती बनवल्या आणि २०११ मध्ये सगळं जाहीरपणे मांडलं. तीनशे वर्षांपूर्वीच्या वाद्याची जाडी न् जाडी अशी मोजली गेली. आणि त्यामुळे कोणाचा धंदा बुडाला नाही. मापं हातात आली तरी प्रत्येक लाकूड वेगळं वागतं, आणि हात तर ज्याचा त्याचाच असतो.

हे वाचून मिरजेला नावं ठेवायची असतील तर जरा थांबा. फरीदसाहेब शिकलगारांचं घराणं मूळचं हत्यारांना धार लावणारं. राजेरजवाड्यांची हत्यारं गेली तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, ते सतारीकडे वळले आणि कोणत्याही सरकारी शाळेशिवाय त्यांनी एका गावाचं नाव देशभर केलं. इटलीत क्रेमोनाला १९३८ मध्ये व्हायोलिन बनवण्याची शाळा निघाली, २०१२ मध्ये तिथल्या कारागिरीला युनेस्कोची मान्यता मिळाली. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळायला २०२४ उजाडलं. ज्याच्या मागे संस्था उभी आहे, त्याला वही उघडी ठेवणं परवडतं. ज्याचं सगळं भांडवल त्याच्या बोटांत आहे, त्याने ते जपलं तर त्यात गैर काय? शिवाय जवारी, म्हणजे तारेच्या आवाजातला तो झंकार, कशी काढायची, हे वहीत लिहून देता येतं तरी का? घोडीवरून कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. इथे मी हे सांगितलं तर सगळे हातातलं काम ठेवून ऐकत बसले. मला फार अभिमान वाटला.

कामाबद्दल थोडं. पुढची फळी स्प्रूसची, पाठ मेपलची. गोल पटाशीने आधी भरड कोरायचं, मग अंगठ्याएवढ्या पितळी रंध्याने आणि शेवटी स्क्रेपरने. फळी आतून कोरता कोरता तीन मिलिमीटरच्या आसपास आली की हातात घेऊन टिचकी मारायची. तिचा आवाज तासागणिक बदलतो. मग ती दिव्यासमोर धरायची. पातळ जागी उजेड नारिंगी दिसतो, जाड जागी काळपट. कॅलिपर नंतर, डोळे आधी. चिकटवायला अजूनही सरस, जनावराच्या कातड्याचाच, गरम पाण्यात भांडं ठेवून पातळ केलेला. पुढच्या फळीला तो मुद्दाम कमी ताकदीचा लावतात, म्हणजे पुढे कधी दुरुस्तीला वाद्य उघडायचं झालं तर जोड सुटतो, लाकूड चिरत नाही. आपल्याकडचे जुने सुतारही सरसच वापरायचे. फेव्हिकॉल आला आणि आपण तो सोडला, याचं इथे बसून वाईट वाटतं.

गजाचं काम त्याहून नाजूक. सगळा मिळून साठेक ग्रॅमचा जीव. काडी आधी सरळ आणि अष्टकोनी करून घ्यायची, मग आंचेवर आतपर्यंत तापवून थोडी थोडी वाकवायची. ती उलटी कमान कोरलेली नसते, वाकवलेली असते. पॅरिसच्या फ्रान्स्वा तुर्तने अठराव्या शतकाच्या शेवटी ठरवलेला घाट आजही तसाच आहे. लाकूड ब्राझीलच्या किनारपट्टीवरचं, पर्नाम्बुको. २००७ पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. त्यामुळे मास्तर आपला जुना साठा कागदपत्रांसह कुलपात ठेवतात आणि शिकणाऱ्यांना आधी दुसऱ्या लाकडावर हात बसवायला लावतात. मला हा नियम पूर्ण पटतो.

"भारतात व्हायोलिन वाजवतात?" हा प्रश्न आलाच. बालुस्वामी दीक्षितारांनी ते कर्नाटक संगीतात आणलं त्याला दोनशेहून अधिक वर्षं झाली. गजाननबुवा जोशी गायचेही आणि वाजवायचेही. गोव्यात चर्चच्या शाळांतून तयार झालेल्या वादकांनी मुंबईच्या सिनेसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. मी हे सगळं सांगितलं, जरा जोरातच सांगितलं. पण वाजवणाऱ्यांची नावं घेताना बनवणाऱ्याचं एकही नाव माझ्या तोंडी आलं नाही, हेही लक्षात आलं.

या वर्गाच्या पैशांत भारतात एक फेरी झाली असती, असं आई म्हणाली. झाली असती, खरंच. पण इथे वर्षभर मी स्क्रीनसमोर बसून जे काम करते, ते संध्याकाळी हातात धरून दाखवता येत नाही. शिवाय आपलं व्हायोलिन वेगळं हवं. मांडी घालून, वाद्याचं डोकं पावलावर टेकवून, सा-प-सा-प लावून, तासभर मींड घेत वाजवायचं तर मानेची जाडी, घोडीचा उतार, तारांची उंची इथल्यासारखीच हवी असं कोणी ठरवलं? इथल्या मास्तरांना हा प्रश्न आवडला. त्यांच्याकडे त्याचं उत्तर नाही. ते मिरजेत बसून शोधावं लागेल, वाजवणारा शेजारी असताना.

डिसेंबरात सांगलीला येते आहे. मिरजेत किंवा कोल्हापुरात व्हायोलिनची दुरुस्ती करणारं, घोडी बसवणारं कोणी ओळखीचं असेल तर कळवा. माझ्याकडे दोन वाद्यांची पूर्ण मापं आहेत, जाड्यांच्या नकाशांसकट. हवी त्याला पाठवते.