ती माणसं तिथं दिवसभर करतात तरी काय?

मिझोरमहून आल्यापासून जो तो हेच विचारतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते. ब्रह्मदेशातून जीव घेऊन आलेली माणसं म्हटलं की आपल्याला तंबू आणि रांगा दिसतात. मी पाहिली ती माणसं शेती करत होती.

२०२४ च्या मार्चात गेले होते. ऐझॉलहून सुमोने दिवसभराचा घाट, मग चंफाई, तिथून तिआउ नदीच्या अंगाला डोंगरावरची एक वस्ती. नदीपलीकडे ब्रह्मदेशातलं चिन राज्य, चिन लोकांचं. १ फेब्रुवारी २०२१ ला तिकडे लष्कराने सत्ता बळकावली आणि हजारो चिन कुटुंबं नदी ओलांडून आली. मिझो त्यांचे भाऊबंदच. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. पण इथल्या गावाने त्याची वाट पाहिली नाही, उतारावरची जमीन कसायला दिली. मिझो घरात भात शिजत घालण्याआधी चर्चसाठी मूठभर तांदूळ बाजूला काढतात, ही शंभराहून जास्त वर्षांची रीत. अशा घरांना दारात आलेल्याला काय द्यावं हे शिकवावं लागत नाही.

मार्च म्हणजे तिथली भाजावळ. धुराचा वास आला आणि मला आमचं कोकण आठवलं. आपण वाफ्यापुरता राब भाजतो. तिथं अख्खा उतार तोडतात, वाळवतात, पेटवतात आणि पावसाच्या तोंडावर राखेत बी टोकतात.

ज्या आजींकडे जेवले त्यांच्या झोपडीभोवती मोहरीचा पाला, घेवडा, भोपळ्याचा वेल. सगळं एका हंगामाचं. फळझाड एकही नाही. का, म्हणून विचारलं. सोबतच्या मास्तरांनी उत्तर समजावून दिलं: जमीन दुसऱ्याची, झाड लावायचं ते कुणाच्या भरवशावर?

नदीपलीकडच्या घरी आजींचा सुरणाच्या जातीचा कंद होता. चिन डोंगरातलं ते नगदी पीक, तीनेक वर्षं जमिनीत राहिलं की भरतं. २०२१ च्या वैशाखात लावला, पावसाळा सरताना घर सोडलं. म्हटलं, आमच्याकडेही परसात सुरण असतो. तेव्हा आजी पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. आता एवढा झाला असेल, असं म्हणून त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवले, मग थोडे आणखी पसरले.