पांढरी पूड

२००१ची दिवाळी तोंडावर आली होती. मुंबईतल्या आमच्या सॉर्टिंग ऑफिसात थैल्यांचा ढीग लागलेला आणि तोंडी एकच विषय, अमेरिकेतली अँथ्रॅक्सची पाकिटं, म्हणजे त्या जीवघेण्या रोगाच्या जंतूंची पूड भरून टपालाने धाडलेली. असं पाकीट ज्याच्या नावे आलं त्या सिनेटरचं, म्हणजे तिथल्या खासदाराचं, नाव पेपरात ठळक असायचं. मला मात्र वॉशिंग्टनच्या टपाल केंद्रातले दोघे दगावल्याची बातमी लागली. त्यांनी पाकीट उघडलंही नव्हतं. यंत्रात दाबलं जाऊन बंद पाकिटातूनच पूड बाहेर पडली होती. सिनेटरच्या कार्यालयात पाकीट १५ ऑक्टोबरला फुटलं, तिथल्यांना लगेच औषधाच्या गोळ्या मिळाल्या. टपाल केंद्र मात्र २१ तारखेपर्यंत चालूच!

तशी आपल्या टपालाला पूड नवी नाही. अंगारा, विभूती, कुंकू, काय काय हाताला लागतं. त्या दुपारी काकांनी (निवृत्तीला टेकलेले, सगळे त्यांना काकाच म्हणत) थैली पालथी केली आणि एका फाटक्या पाकिटातून पांढरी पूड टेबलावर सांडली.

मग करू नये ते सगळं आम्ही केलं. डोक्यावर पंखा गरगरत होता, कुणी बंद केला नाही. दहाजण बघायला जमले. एकाने फडक्याने टेबल झटकलं. काकांनी तर चिमूट उचलून वास घेतला.

पोलीस आले, पाठोपाठ एक डॉक्टरीणबाई. पंखा बंद करा, पूड झटकू नका, झाकून ठेवा, खोली सोडून दार लावा, साबणाने हात धुवा, कपडे बदला, इथे कोण कोण होतं ते लिहून द्या. एका दमात सांगून झालं. एवढं आधी कुणी सांगितलं नव्हतं. भीती तेवढी रोज सकाळी घरपोच येत होती.

नमुना तपासायला गेला. काका घरी वेगळं ताट घेऊन बसू लागले, नातवाला जवळ येऊ देईनात. तिसऱ्या दिवशी न राहवून मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, अँथ्रॅक्स सर्दी-खोकल्यासारखा एकाचा दुसऱ्याला होत नाही. त्यांना म्हणावं, नातवाला खुशाल मांडीवर घ्या. ताप आला, दम लागला, तर मात्र लगेच या."

पाचव्या दिवशी अहवाल आला. अँथ्रॅक्स नाही. साहेब म्हणाले, विभूती असावी.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आधी कळतं तर कपाळाला तरी लावली असती."