सोलच्या फोटो बूथमध्ये चार चौकटी: पैसे टाकण्याआधी काय काय ठरवायचं

होंगिक विद्यापीठ स्टेशनच्या ९ नंबरच्या दारातून संध्याकाळी सातनंतर वर या. पहिल्या दोन-तीन गल्ल्यांतच एका तऱ्हेचं दुकान पुन्हापुन्हा दिसायला लागतं. लख्ख उजेड, भिंतभर आरसे, खुंट्यांना टांगलेले सशाचे कान आणि प्लास्टिकचे गॉगल, पडदे लावलेल्या चार-पाच केबिन. गल्ला नाही, मालक नाही. छताला लावलेले कॅमेरे तेवढे असतात. आत जायचं, मशीनमध्ये पैसे टाकायचे, फोटो काढायचे आणि छापलेल्या फोटोंची पट्टी घेऊन बाहेर पडायचं. बरीचशी दुकानं रात्रभर उघडी असतात.

२०१७ मध्ये 'इन्सेंग नेकॉट' या नावाने हा प्रकार आला आणि पसरला. इन्सेंग म्हणजे आयुष्य, नेकॉट म्हणजे चार चौकटी. आपण फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो तसं कोरियात आता कुठल्याही कंपनीच्या पट्टीला नेकॉट म्हणतात. फोटोइझम, फोटोग्रे, हारू फिल्म ही बाकीची नावंही रस्तोरस्ती दिसतील. याच्या आधीची पिढी जपानहून आलेल्या स्टिकर फोटोंची. त्यात डोळे बशीएवढे आणि गाल गुलाबी व्हायचे. नेकॉटमध्ये तो मसाला कमी असतो, चेहरा बराचसा आपलाच राहतो.

खेळ सोपा आहे, पण घाईचा आहे. पैसे पडले की घड्याळ चालू होतं आणि पट्टी हातात येईपर्यंत थांबत नाही. भाषा कळत नसलेला माणूस इथेच गडबडतो. म्हणून जे ठरवायचं ते केबिनच्या बाहेर, आरशासमोर उभं राहून ठरवा.

जागा शोधायला नेव्हर मॅप वापरा, कोरियात चालत जायचा रस्ता तो नीट दाखवतो. खास शोधायची वेळ मात्र क्वचितच येते. होंगदे, सोंगसू, गंगनाम, म्यॉंगदोंग, कोनकुक विद्यापीठाचा परिसर, बुसानमध्ये सोम्यॉन आणि हेउंदे, यातलं कुठलंही घ्या. जिथे कॉलेजची मुलं, तिथे ही दुकानं. शुक्रवारी-शनिवारी रात्री प्रत्येक पडद्याबाहेर रांग असते. मधल्या वारी सकाळी अकराच्या सुमाराला गेलात तर दुकान जवळजवळ तुमचंच. पहिला प्रयोग तेव्हाच करावा, मागे कोणी ताटकळत नसलं की हात थरथरत नाहीत.

आता पैसे. बहुतेक अडचणी इथून सुरू होतात. एका फेरीला साधारण ४,००० ते ६,००० वॉन पडतात आणि त्यात दोन प्रती मिळतात. हजार वॉनचे ढोबळ साठ रुपये धरा. प्रती वाढवल्या की पैसे वाढतात. नोट घेणारं मशीन सहसा सुटे परत देत नाही. ५,००० च्या फेरीला १०,००० ची नोट सरकवलीत तर उरलेल्या पैशांवर पाणी सोडा, नाहीतर जास्तीच्या प्रती घ्या. पुष्कळ दुकानांत कोपऱ्यात नोट मोडून देणारं वेगळं मशीन असतं, आधी ते शोधा. एटीएममधून ५०,००० ची नोट आली असेल तर ती इथे चालेल या भरवशावर राहू नका. शेजारच्या किराणा साखळीच्या दुकानातून पाण्याची बाटली घ्या आणि मोडून आणा.

नोटांच्या रंगाकडेही लक्ष असू द्या. १,००० ची निळी, १०,००० ची हिरवी, त्यात गोंधळ होत नाही. ५,००० आणि ५०,००० या दोन्ही पिवळ्या-नारिंगी छटेच्या, घाईत हमखास अदलाबदल होते. गंमत म्हणजे ५०,००० वर चित्रकार शिन साइमदांग आहेत आणि ५,००० वर त्यांचाच मुलगा, विद्वान यी ई. ५०,००० ची नोट २००९ मध्ये आली, म्हणजे आईची नोट मुलाच्या मागून. बाईचा चेहरा दिसला की नोट परत खिशात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. चुरगळलेली नोट मशीन बाहेर थुंकतं. मांडीवर ठेवून हाताने इस्त्री करा, कोपरे सरळ करा, मग सरकवा.

कार्ड चालतं, पण बाहेरच्या देशाचं कार्ड प्रत्येक मशीनला रुचेलच असं नाही. भारतातून निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातले व्यवहार चालू केलेत ना, ते पाहा. आपल्या कार्डांवर ते आपणहून चालू असतंच असं नाही. कार्ड नुसतं टेकवून काम होईल असंही धरू नका, चिपची बाजू आत सरकवावी लागते आणि पावती होईपर्यंत तशीच ठेवावी लागते. लवकर ओढलं की व्यवहार रद्द. वाउपास नावाचं पर्यटकांसाठीचं प्रीपेड कार्ड घेतलं असेल तर ते वापरून पाहा. तरीही खिशात निळ्या नोटा दहा असाव्यात.

सुट्यांची सोय झाली की आरशाकडे वळा. कंगवा, कुठे कुठे केस सरळ करायची इस्त्रीसुद्धा ठेवलेली असते. ती तापलेली असते, मुलांना लांब ठेवा. हेअरबँड, टोप्या, चष्मे फुकट वापरायचे आणि जिथून घेतले तिथेच टांगायचे. काचा असलेला स्वतःचा चष्मा समोरच्या दिव्याला चमकतो. तो काढा, नाहीतर हनुवटी किंचित खाली घेऊन काड्या कानावरून चिमूटभर वर उचला, म्हणजे काच तिरकी होते आणि चमक खाली पडते. दुकानातल्या खेळण्यातल्या चष्म्यांना बऱ्याचदा काचाच नसतात, त्याचं कारण हेच. पांढरा कुर्ता पांढऱ्या पडद्यासमोर विरघळतो आणि नुसती मुंडकी तरंगतात. पडद्याच्या रंगानुसार केबिन निवडता येते, त्यामुळे पांढऱ्या कपड्यांना रंगीत पडदा बघा. जरीचे काठ आणि टिकल्यांचं काम दिव्यात फटफटीत पांढरं येतं. ग्यॉंगबोकगुंग राजवाड्यात हानबोक हा पारंपरिक कोरियन पोशाख घालून गेलं तर प्रवेश फुकट, त्यामुळे तिथून भाड्याचा हानबोक घालून थेट बूथमध्ये शिरणारे पुष्कळ. त्या घेरदार घागऱ्यांत दोघी उभ्या राहिल्या की केबिन भरलं. तिसरीला जागा हवी तर घेर मागे दाबून धरायचा.

स्क्रीनवरचा क्रम थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखाच. पहिल्या पानावर कोपऱ्यात भाषा बदलायचं बटण असतं, इंग्रजी बहुधा मिळते. नसेल तर पापागो ॲपचा कॅमेरा स्क्रीनवर धरा, मजकूर तिथल्या तिथे इंग्रजीत दिसतो. मात्र हा उद्योग पैसे टाकण्याआधी करायचा. मग चौकटीची मांडणी निवडा, मग प्रती, मग पैसे.

मांडणी माणसं मोजून घ्या. उभ्या अरुंद पट्टीतली प्रत्येक चौकट आडवी असते, तीन-चार जण शेजारी शेजारी मावतात. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर दोनावर दोन अशी मांडणी घेतली तर चौकटी उभ्या येतात, दोघांना छान, चौघांना दाटीवाटी. पाचाच्या वर असाल तर मोठं केबिन असलेलं दुकान शोधा. प्रतींचा आकडा बहुतेक ठिकाणी २, ४, ६ असा जोडीतच वाढतो. त्यामागचं कारण मशीनच्या पोटातल्या प्रिंटरमध्ये आहे. तो ४ बाय ६ इंचांचा एकच कागद छापतो आणि मधोमध कापून २ बाय ६ च्या दोन पट्ट्या करतो. तिघे असाल तर चार पट्ट्या घ्या, चौथीचं पुढे सांगतो.

पैसे स्वीकारले की उलटी गिनती. मशीनगणिक सहा ते आठ फोटो निघतात, दोन फोटोंत आठ-दहा सेकंदांचं अंतर. म्हणजे आठ फोटो एक-सव्वा मिनिटात संपतात. काही केबिनमध्ये रिमोट असतो, तो असला तर नशीब. तो एकाच्याच हातात द्या आणि मुठीत लपवायला सांगा, नाहीतर प्रत्येक फोटोत काळा ठोकळा दिसतो.

इथे सगळ्यांची एक चूक ठरलेली. डोळे स्क्रीनवर जातात, कारण आपण कसे दिसतोय ते तिथे दिसत असतं. कॅमेऱ्याचं भिंग बहुधा स्क्रीनच्या वर असतं. निकाल असा की चार चौकटींत चार वेळा आपण कुणाच्या तरी बुटांकडे बघतोय. शिरल्याबरोबर भिंग कुठे आहे ते सगळ्यांना बोटाने दाखवा. आकडा ३ वर आला की स्क्रीन विसरा आणि भिंगाकडे बघा. कोरियन लोक मोजतात 'हाना, तुल, सेत' आणि हसण्यासाठी म्हणतात 'किमची', शेवटच्या ईकाराने ओठ आपोआप फाकतात.

पोझ आधी ठरवा, सहा पुरतात. पहिला फोटो साधा हसरा घ्या, कारण उजेडाचा अंदाज येईपर्यंत तो वाया जायची शक्यता असते. मग अंगठा आणि तर्जनी तिरकी जोडून केलेला छोटा बदाम. मग दोन्ही तळव्यांच्या ओंजळीत हनुवटी, जिला तिकडे फुलाचा पेला, म्हणजे पाकळ्यांखालचा हिरवा भाग, म्हणतात. मग दोघांनी एकमेकांच्या गालाशी अर्धा अर्धा बदाम करायचा. पाचवा फोटो टोप्या-कान घालून. शेवटचे सगळे मोकळे सोडा, त्यातलाच एखादा बहुधा सगळ्यात चांगला निघतो. टोप्या बदलायला दहा सेकंद पुरत नाहीत म्हणून त्या पायाशी नव्हे, कमरेच्या उंचीच्या फळीवर ठेवा. वाकलेला माणूस फोटोत अर्धा येतो. उंच माणसाने मागे उभं राहून गुडघे वाकवावेत, मान वाकवली तर नुसता भांग दिसतो.

मग निवड. आठातले चार घ्यायचे आणि त्यालाही वेळेची मर्यादा, कोपऱ्यात सेकंद पळत असतात. तुम्ही वाद घालत बसलात तर मशीन आपल्या मनाने चार उचलतं, आणि त्याची आवड काही खास नसते. निवडीचा अधिकार एकालाच द्या. पुढे चौकटीचा रंग, फिल्टर आणि उजळपणा. इथे जपून. मशीनची मूळ सेटिंगच गोरेपणाकडे झुकलेली असते. गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्यावर ती पुरेपूर लावली की कातडी उजळ दिसत नाही, राखाडी दिसते, राख फासल्यासारखी. उजळपणा कमी-जास्त करायची सरकपट्टी असेल तर मधोमध किंवा त्याहून खाली आणा. सौंदर्य सुधारणा बंद करता येत असेल तर करा. एका फोटोत गोरे आणि सावळे दोघेही असतील तर सरळ कृष्णधवल निवडा, मशीनला तेच सगळ्यात चांगलं जमतं. टी-शर्टवर अक्षरं असतील तर उलटसुलट करायचं बटण शोधा. स्क्रीनवरचं चित्र आरशासारखं असतं, छापताना ते तसंच आलं तर अक्षरं उलटी होतात.

शेवटचं बटण दाबलं की मशीनच्या पोटात घरघर सुरू होते. कान देऊन ऐकलंत तर कागद पुढे-मागे होताना कळतो. एका फेरीत पिवळा रंग, मग किरमिजी, मग निळा आणि शेवटी वरचा पारदर्शक थर. शाई ओली नसते, रंग उष्णतेने कागदात उतरवलेला असतो, त्यामुळे पट्टी बाहेर पडल्या पडल्या हातात घेता येते. खाचेतून अर्धवट डोकावणारा कागद मात्र ओढू नका. ती मधली फेरी असते, ओढला तर रंग सरकतात आणि कागद अडकतो.

स्क्रीनवर किंवा पट्टीच्या कोपऱ्यात क्यूआर कोड येतो. त्यातून फोटोची फाइल आणि बऱ्याच ठिकाणी फोटो काढतानाचा छोटा व्हिडिओही मिळतो, तो कधी कधी पट्टीपेक्षा मजेदार असतो. ही फाइल कायम राहत नाही, मुदत मशीनवर लिहिलेली असते. हॉटेलवर जाऊन बघू म्हणू नका, दुकानाच्या दारातच उतरवून घ्या. त्यासाठी फोनमध्ये चालू इंटरनेट लागतं. फोटो आणि व्हिडिओची बटणं वेगवेगळी असतात, एक दाबून निघून जाऊ नका. आणि पट्टीचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी तो कोड बोटाने झाका. मुदतीत कोणीही तो स्कॅन करून तुमची मूळ फाइल उघडू शकतो.

बिघाड झाला तर विचारायला माणूस नाही. मशीनवर फोन नंबर चिकटवलेला असतो, पण पलीकडे कोरियन बोलणारं कोणी उचलेल. तेव्हा निघण्याआधी स्क्रीनवरचा संदेश, मशीनचा क्रमांक, पावती आणि वेळ यांचे फोटो काढा. हॉटेलच्या काउंटरवर ते दाखवून फोन लावून द्यायला सांगा. शेजारच्या केबिनमधल्या मुलामुलींना विचारलं तर बहुधा तेच लगबगीने लावून देतात. फोटो वाकडे आले, डोळे मिटले, ही तक्रार चालत नाही. ती फेरी संपली.

एकदा हात बसला की वेगळी केबिन बघा. वरून फोटो काढणारी, ज्यात सगळे मान वर करून छताकडे बघतात. लिफ्टसारखी किंवा मेट्रोच्या डब्यासारखी सजवलेली. काही ठिकाणी के-पॉप गायकांच्या चौकटी असतात, त्यांचा फोटो आधीच छापलेला आणि शेजारची जागा आपल्याला. त्या ठरावीक दिवसांपुरत्याच असतात. मुलीला अमुक गटाचीच चौकट हवी असेल तर आदल्या रात्री त्या कंपनीच्या इन्स्टाग्रामवर तारखा आणि दुकानाचं नाव बघून ठेवा. शिवाय अशा चौकटीत गायक कुठल्या बाजूला उभा आहे ते पाहून आपण दुसऱ्या बाजूला सरका, नाहीतर चेहरा त्याच्याखाली झाकला जातो.

आता ती चौथी पट्टी. कित्येक दुकानांची एक भिंत लोकांनी चिकटवून ठेवलेल्या पट्ट्यांनी भरलेली असते. जास्तीची तिथे लावायची. उरलेल्या तीन पुस्तकात सपाट ठेवून आणा, पाकिटात दुमडल्या की वरचा थर तडकतो. घरी आल्यावर गरम लॅमिनेशन करू नका, जे रंग उष्णतेने बसले ते उष्णतेनेच पसरतात. पीव्हीसीच्या मऊ, वास येणाऱ्या पाकिटांतही नको, काही महिन्यांत रंग प्लास्टिकला चिकटतो. पॉलिप्रॉपिलीनचं कडक पाकीट घ्या. आणि मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात फ्रिजवर चुंबकाने लावण्यापेक्षा कपाटात, सिलिका जेलच्या पुडीसोबत.