पेटीतला पारा आणि गवतावरचा

नागपूरकराला हवामान आठवतं ते मे महिन्यात. २३ मे २०१३ ला शहरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती, ती लोक अजून फुशारकीनं सांगतात, जणू त्यात त्यांचाही थोडा हातभार होता. थंडी मात्र आमच्याकडे कौतुकाची. स्वेटर कपाटातून निघतो, दोन-चार लग्नांत मिरवतो आणि संक्रांतीनंतर घडी होऊन परत जातो. त्यामुळे थंडीपायी कुणी माझ्या दारात येऊन बसेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

नागपूरपासून तासाभराच्या अंतरावर एका कृषी महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रात मी हवामान निरीक्षक आहे. वेधशाळा म्हटलं की पाहुणे दुर्बीण कुठे आहे ते विचारतात. दुर्बीण नाही. तारेच्या कुंपणात हिरवळीचा एक मोकळा चौकोन, त्यात पर्जन्यमापक, वाऱ्याच्या वाट्या, बाष्पीभवनाचं घंगाळ आणि चार पायांवर उभी असलेली पांढरी लाकडी पेटी. कबुतरखान्यासारखी दिसते. भिंतींना दुहेरी झडपा, म्हणजे वारा आत यावा पण ऊन येऊ नये. आणि दार उत्तरेला, म्हणजे उघडताना सूर्य तापमापकांवर पडू नये.

आमची वेळ सकाळी सातची, पण तुमच्या घड्याळातल्या सातची नाही. शेतीहवामानाच्या नोंदी स्थानिक वेळेनं घेतात. प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावर धरलेली, नागपूर एकोणऐंशीच्या जरा पुढे. म्हणजे आमचे सात वाजतात तेव्हा मनगटावर सात वाजून चौदा मिनिटं होतात. नवीन लागलेल्या पोरांना हे सांगितलं की ती आधी हसतात आणि दुसऱ्या दिवसापासून चौदा मिनिटं उशिरा उठतात.

२०१८ चा डिसेंबर तसा विचित्रच होता. १७ तारखेला पेथाई चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर धडकलं आणि त्याच्या ढगांनी आमचंही आभाळ भरून गेलं. भर दुपारी दिवे लावायची वेळ. लोक दिवसभर कुडकुडत होते, पण गंमत अशी की रात्रीचा पारा फारसा खाली जात नव्हता. ढग म्हणजे जमिनीवरची गोधडी. रात्री जमीन जी ऊब आभाळाकडे सोडते ती बरीचशी ढग परत पाठवतात. पुढे ढग गेले, आभाळ काचेसारखं झालं, उत्तरेकडून सातपुडा ओलांडून कोरडा वारा येऊ लागला. २५ तारखेनंतर मी रोज रजिस्टरमध्ये आदल्या दिवसापेक्षा लहान आकडा लिहीत होतो.

२९ तारखेला, शनिवारी, फाटकाचं कुलूप उघडायला किल्ली फिरेना. कुलूप बरोबर होतं, बोटंच बधिर झाली होती. सूर्य वर येऊन पंचवीस मिनिटं झाली असतील, पण गोदामाची सावली अजून हिरवळीवर पडलेली होती. त्या सावलीत गवत पांढरं दिसत होतं. आधी मला वाटलं, चुना सांडला की काय. पाय ठेवला तर कुरकुर आवाज आला. मी नोकरीला लागून तेव्हा सतरा वर्षं झाली होती आणि माझ्या पायाखाली गवत कधी वाजलं नव्हतं.

पेटी उघडली. किमान तापमापक आडवा असतो आणि त्यात पारा नसून अल्कोहोल असतं, कारण पाऱ्याला मागे ओढत नेण्याचं काम जमत नाही. अल्कोहोलात काळपट काचेची एक इवलीशी काडी तरंगते, दोन्ही टोकांना गाठ असलेली. गारवा वाढला की अल्कोहोल आकसतं आणि काडीला मागे खेचत नेतं. ऊब आली की अल्कोहोल काडीला बगल देऊन पुढे जातं, काडी तिथेच पडून राहते. रात्रीच्या नीचांकाची ती साक्षीदार. काडीचं फुग्यापासून, म्हणजे तापमापकाच्या फुगीर टोकापासून, लांबचं टोक वाचायचं, तेही श्वास रोखून, कारण तोंडाची वाफ लागली तरी तापमापकाला कळते.

३.९.

पहिला विचार आनंदाचा नव्हता, शंकेचा होता. अल्कोहोलाच्या तापमापकाला एक जुनी खोड असते. थोडं अल्कोहोल वाफ होऊन नळीच्या वरच्या टोकाला जमतं, स्तंभ तेवढा आखूड होतो, आणि तापमापक खऱ्यापेक्षा कमी दाखवायला लागतो. म्हणजे विक्रमी थंडी आणि बिघडलेला तापमापक, दोघांचा चेहरा सारखाच. ओळखायची युक्ती सोपी आहे. अल्कोहोलाचं टोक आत्ता, या घटकेला काय दाखवतं ते पाहायचं आणि शेजारच्या पाऱ्याच्या तापमापकाशी ताडून बघायचं. मी पाहिलं: पारा ५.१, अल्कोहोल ५.०. नळीच्या टोकाला एकही थेंब नाही. तापमापकाची ठरलेली चूक लिहिलेल्या दुरुस्ती-कार्डावर त्या पट्ट्यात शून्य. मग पुन्हा एकदा श्वास रोखला आणि परत वाचलं. ३.९ च.

आमच्या धंद्यात आकडा जितका विक्रमी, तितका त्याच्यावर अविश्वास जास्त दाखवावा लागतो. पुढे मे २०२४ मध्ये दिल्लीच्या मुंगेशपूरला ५२.९ अंश आले तेव्हा देशभर मथळे झाले, आणि तपासणीत तिथला सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता असं निघालं. ती बातमी वाचताना मला ही सकाळच आठवली.

पेटीनंतर गवताचा तापमापक. तो बिचारा संध्याकाळी दोन खुंट्यांवर गवताच्या शेंड्यांना टेकवून उघड्यावर झोपवायचा आणि सकाळी वाचून उचलायचा. वर ना झडपा, ना छप्पर. त्याच्या काचेवरच बर्फाची साय होती. हातमोज्यानं पुसली. उणे ०.८. पेटीतला तापमापक जमिनीपासून चार फुटांवर, हा दोन बोटांवर. मधल्या अंतरात जवळजवळ पाच अंश.

पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यातही पांढरा थर होता. बरोबरच्या पोरानं विचारलं, "सर, हा पावसात धरायचा का?" मी म्हटलं, वितळू दे, मग बघू. वितळून जे खाली आलं त्यानं मोजपात्राचा तळही नीट ओला झाला नाही. पावसाच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि शेऱ्यात 'दव गोठले' असे दोन शब्द.

दुपारपर्यंत नागपूरचा आकडा कळला: ३.५. त्याआधीचा तिथला नीचांक ३.९, तो ७ जानेवारी १९३७ चा. एक्क्याऐंशी वर्षांनी मोडला. पुण्याचा १.७ आहे, १७ जानेवारी १९३५ चा, आणि मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला ७.४ पर्यंत उतरलं होतं. ते दोन्ही अजून शाबूत. योगायोग बघा, नागपूरचा मोडलेला जुना विक्रम आणि आमच्या पेटीतला आकडा दशांशासकट एकच. पण आमच्या ३.९ ला कुणी विचारलं नाही. आमचं रजिस्टर नव्वदच्या दशकातलं. एवढ्या तोकड्या आयुष्यावर विक्रम सांगायचा नसतो. खरं सांगायचं तर विक्रम थंडीचा नसतोच, रजिस्टरचा असतो. १९३७ मध्ये कुणीतरी अशाच बधिर बोटांनी तो आकडा लिहून ठेवला नसता, तर २०१८ ची ती सकाळ नुसतीच गार सकाळ ठरली असती.

इथवरचा भाग मी पुष्कळांना सांगितला आहे. खरं प्रकरण सोमवारी सुरू झालं.

साडेअकराला एक काका आले. धोतर, वर मुलाचं असावं असं मोठं जॅकेट, आणि हातात तुरीची एक फांदी. फांदी त्यांनी माझ्या टेबलावर, थेट रजिस्टरवर ठेवली. शेंडा काळा पडला होता, पानं शिजवून वाळवल्यासारखी. कोवळ्या शेंगा मी चिमटीत धरून दाबल्या. आत दाण्याच्या जागी पाणचट काहीतरी.

"दवाळ पडली सायेब. शुक्रवारच्या राती." दवाळ म्हणजे गोठलेलं दव.

"सगळ्या वावरात?"

"तेच तं इचाराले आलो. वरच्या वावरातली जशीच्या तशी हाय. नाल्याकाठची दोन एकर पुरी गेली. मंधात एक धुरा हाय फक्त. अन् त्याच्या बाजूले माह्या पुतण्याचं वावर, त्याचं बी खालीच हाय, पण त्याले काई झालं नाई. असं काऊन झालं?"

"पुतण्यानं पाणी दिलं होतं का त्या दिवशी?"

काका माझ्याकडे बघतच राहिले. "शुक्रवारी ओलीत केलं त्यानं. तुमाले कोनं सांगतलं?"

कुणी सांगायची गरज नव्हती. वारा पडलेल्या निरभ्र रात्री थंड हवा पाण्यासारखीच वागते, जड असते, उताराला वाहते आणि खोलगट जागी साचते. फक्त ती दिसत नाही. नाल्याकाठी तिचं तळं झालं असणार. आणि ओली जमीन दिवसभराची ऊब धरून ठेवते, कोरडी भेगाळलेली जमीन ती लवकर सोडून देते. काकांची तूर कोरडवाहू. मी कागदावर उतार काढून दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला आणि म्हणाले, "म्हंजे पान्याची वाट अन् थंडीची वाट एकच." इतकं सुटसुटीत मला वर्गात कधी सांगता आलेलं नाही.

ते आले होते दाखल्यासाठी. शीतलहर आणि दवाळ ही सरकारच्या मदतीच्या आपत्तींच्या यादीत आहेत, पिकाचं नुकसान किमान ३३ टक्के भरलं तर. पंचनाम्याला गेलेल्या साहेबांनी त्यांना सांगितलं होतं, हवामानाचा आकडा आणा. मी नेहमीच्या नमुन्यात लिहून दिलं: किमान तापमान ३.९ अंश. काका गेले आणि तासाभरात साहेबांचाच फोन.

"अहो, तुमच्याच दाखल्यात तीन पूर्णांक नऊ लिहिलंय. पाणी शून्याला गोठतं हे पोरांना शाळेत शिकवतात. मग दवाळ पडली कशी?"

मी सांगू लागलो की तो आकडा चार फुटांवरचा आहे, सावलीतला, पेटीतला; जगभर तुलना करता यावी म्हणून तो तसा घेतात. पिकाचा शेंडा पेटीत नसतो, उघड्या आभाळाखाली असतो, आणि गवताशी आमच्याकडे उणे ०.८ होतं.

"मग ते लिहा ना."

"नमुन्यात तो रकानाच नाही, सर."

पलीकडे शांतता. मग ते म्हणाले, "रकाना नाही तर मी तरी कुठे लिहू?"

त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता. कागद त्यांच्यापुढेही तसाच होता. मी विभागप्रमुखांकडे गेलो. त्यांनी दहा मिनिटं नियम चाळले, नमुन्यात बदल करता येणार नाही म्हणाले, आणि मग स्वतःच शेऱ्याच्या ओळीकडे बोट दाखवलं. तिथे मी बारीक अक्षरात लिहिलं: तृणपृष्ठ किमान तापमान उणे ०.८ अंश सेल्सिअस, हिरवळीवर गोठलेले दव प्रत्यक्ष आढळले. शनिवारी शेऱ्यात सहज टाकलेले ते दोन शब्द आता पुरावा झाले होते. काका परत येऊन ओसरीत बसून होते. शिक्का वाळेपर्यंत त्यांनी कागदावर फुंकर घातली.

पंचनामा झाला. दाखला मान्य झाला. दवाळ पडली हेही मान्य झालं. मग वरचं आणि खालचं वावर एकाच गटात असल्यानं दोन्हीचं मिळून नुकसान काढलं आणि ते ३३ टक्क्यांच्या खाली भरलं. वर तूर चांगली होती ना. काकांनी हे मला फोनवर सांगितलं तेव्हा आवाजात तक्रार नव्हती. मलाच काय बोलावं सुचेना. मी तापमापक दोनदा वाचला, स्तंभ तपासला, प्रमुखांकडून ओळ मिळवली, आणि निकाल लागला तो भागाकारात.

पुढच्या दिवाळीनंतर ते परत आले. नागपूरच्या सीताबर्डीवरून भिंतीवरचा साधा तापमापक आणून त्यांनी नाल्याकाठी लोखंडी खांबाला बांधला होता आणि रोज पहाटे वाचत होते. पारा उतरू लागला की खालच्या वावराला आदल्या संध्याकाळीच पाणी सोडायचं, असा बेत होता. पुतण्याच्या विहिरीवरून पाइप टाकून घेतला होता. मी म्हटलं, पहाटेचं ठीक आहे, पण दिवसा खांब तापतो, तो आकडा धरू नका.

"मंग तुमच्या पेटीवानी एक पेटी सांगा ना. गावात सुतार हाय."

मी मापं लिहून दिली: झडपा दुहेरी, रंग पांढरा, दार उत्तरेला. उंची मात्र आमच्यासारखी नको म्हटलं, तुरीच्या शेंड्याइतकी ठेवा. महिन्याभरानं पाहायला गेलो. पेटी झकास झाली होती, झडपा तर आमच्यापेक्षा बारीक. फक्त दार पूर्वेला.

"काका, उत्तरेला सांगितलं होतं."

"सुतार आयकत नाई सायेब. म्हंते, देवघराचं दार उत्तरेले कोनी करते का?"