ताईंचं ॲल्युम्नी अवॉर्डचं नॉमिनेशन भरलं, त्याचा अनुभव

आमच्या कॉलेजचा डिस्टिंग्विश्ड ॲल्युम्नी अवॉर्ड कोणाला मिळणार हे जाहीर व्हायच्या आधीच ओळखता येतं, एक कुठल्यातरी कंपनीचा एमडी, एक अमेरिकेतला प्रोफेसर आणि जमलं तर एखादा आयएएस. त्यात आम्ही केमिकलवाले, आमच्याकडे मोठं नाव म्हणजे यूडीसीटीचे (मुंबई विद्यापीठाचा केमिकल टेक्नॉलॉजी विभाग) माशेलकर सर, १९९५ ते २००६ सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे डीजी म्हणजे महासंचालक, २०१४ ला पद्मविभूषण. आता ही फूटपट्टी लावली तर ठाणे-बेलापूरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात आयुष्य काढलेल्या माणसाचा नंबर कधी लागायचा?

म्हणून आमच्या एका सीनिअर ताईंचं नॉमिनेशन टाकायचं मीच मनावर घेतलं. ताई ऐरोलीला असतात, आता रिटायर्ड. फोन केला तर म्हणे, "अरे वेडा का तू, मी जन्मभर घाण पाण्यात हात घालून बसले, मला कसला अवॉर्ड?" फॉर्मवर त्यांची सही लागणार होती म्हणून मागेच लागलो.

फॉर्म बघून मात्र डोकं फिरलं. पेटंट किती, पब्लिकेशन्स किती, कंपनीचा टर्नओव्हर किती, हाताखाली माणसं किती. ताईंचं सगळीकडे निल. मग त्यांच्या घरी बसून सगळं विचारून घेतलं, चहावर चहा झाले, आणि खरी गोष्ट तिथे कळली. ऐंशीच्या दशकात पास झाल्या तेव्हा प्लांटवर बाई कोणाला नकोच होती आणि कारण आयतं होतं, १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टप्रमाणे बाईला संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कारखान्यात कामाला ठेवता यायचं नाही, मग शिफ्ट इंजिनिअर कशी करणार. लॅबमध्ये जनरल शिफ्टला बसवलं. १९८४ ला भोपाळ झालं, १९८६ ला पर्यावरणाचा कायदा आला, ईटीपी म्हणजे कारखान्याचं सांडपाणी साफ करायचा प्लांट नीट चालवणं भाग पडलं, ते काम कोणालाच नको होतं म्हणून ताईंच्या गळ्यात. नाल्यात सोडायचं पाणी म्हणजे बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत, सीओडी (तीच घाण केमिकलने जाळायला लागणारा ऑक्सिजन) २५० च्या आत. बीओडीची बाटली २७ डिग्रीला ३ दिवस ठेवावी लागते, रिपोर्ट येईपर्यंत पाणी खाडीला पोचलेलं असतं. म्हणून ताई रोज सकाळी एरेशन टँकचं, म्हणजे हवा सोडून जिवाणूंकडून घाण खाऊन घेतात त्या टाकीचं पाणी १ लिटरच्या सिलिंडरमध्ये भरून अर्धा तास बघत बसायच्या, गाळ खाली बसला तर ठीक, तरंगला तर थेट प्लांटला फोन, काल रात्री काय सोडलंत बोला. हे कुठल्या रकान्यात लिहायचं सांगा.

कागदांचा घोळ वेगळाच. डिग्रीवर माहेरचं नाव, बाकी सगळीकडे सासरचं, कॉलेजच्या ऑफिसचं म्हणणं रेकॉर्डला ही बाईच नाही. मॅरेज सर्टिफिकेट तेव्हा कोण काढत होतं, शेवटी नोटरीचं ॲफिडेव्हिट. त्यात पोर्टल पीडीएफ घेईना.

शिफारसपत्र पाचपाखाडीच्या एका जुन्या प्लांट मॅनेजरकाकांचं. त्यांना लिहायचा कंटाळा, व्हॉइस नोट पाठवली, मी टाईप करून सही आणली. त्यातलं एक वाक्य तसंच ठेवलं, "नोटीस आली की आम्ही सगळे बाईंच्या टेबलाशी, नाही आली की बाईंचं नावही कोणाला आठवायचं नाही." सायटेशनमध्ये दूरदर्शी नेतृत्व वगैरे काही घातलं नाही, कमिटीवाले ते पोत्याने वाचत असतील. सुरुवातच फॅक्टरीज ॲक्टपासून केली आणि मग सिलिंडर.

मिळाला! शाल, श्रीफळ, ट्रॉफी, बोलायला २ मिनिटं. ताईंनी स्टेजवरून प्रिन्सिपलनाच विचारलं, आपल्या केमिस्ट्री लॅबच्या सिंकचं पाणी जातं कुठे? हॉल हसला, उत्तर कोणी दिलं नाही, चहाच्या वेळी ताई लॅब अटेंडंटला गाठून उभ्या.

आता कळव्याचे एक बॉयलरवाले सीनिअर डोक्यात आहेत. त्यांना आत्ताच सांगून ठेवलंय की बाकी मी बघतो, तुम्ही फक्त माळ्यावरून डिग्री शोधून काढा.