आमची वाटचाल: आधी घोड्याचं माप, मग स्वाराचं

वडिलांचं दुकान पुण्यात, कॅम्पच्या कडेला. टांग्याचा साज शिवायचा, तुटलेले लगाम जोडायचे, रिकिबीचे (स्वाराच्या पाय ठेवायच्या आधाराचे) पट्टे बदलायचे. टांगे गेले तसं काम रेसकोर्स आणि रायडिंग स्कूलकडे सरकलं. नवीन खोगीर मात्र आम्ही घडवत नव्हतो, ते कानपूरहून यायचं. ब्रिटिश लष्कराच्या मागणीवर वाढलेला तिथला जीनसाजीचा, म्हणजे खोगीर-लगाम बनवण्याचा, धंदा आज परदेशी माल पाठवतो, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. आम्ही आपले मधले व्यापारी. बैठक 16 इंची की 17, रंग काळा की तपकिरी, एवढं विचारायचं आणि पार्सल रवाना करायचं.

घोड्याबद्दल कुणी विचारतच नसे. ‘तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना घोडा चावायला येतो’ अशी तक्रार आली की सगळ्या बाजाराचं उत्तर एकच: अजून एक नमदा, म्हणजे खोगिराखालचं जाड कापड, घाला. खोगीर मुळात अरुंद असेल तर जाड नमद्यानं ते आणखी आवळतं, हे कुणालाही कळेल. पण नमदा खपायचा, त्यामुळे हे गणित मांडायची घाई कुणालाच नव्हती.

आमच्या धंद्याला वळण लागलं ते वॉलसॉलमध्ये. इंग्लंडच्या मध्य भागातलं हे गाव पिढ्यान्‌पिढ्या खोगिरांवर जगलं. तिथल्या फुटबॉल क्लबचं टोपणनावसुद्धा ‘सॅडलर्स’, म्हणजे खोगीर बनवणारे. मी गेलो होतो सुया, मेणदोरा आणि हत्यारं बघायला, पण मन रमलं ते एका फिटरच्या, म्हणजे खोगीर घोड्याच्या मापाला बसवून देणाऱ्याच्या, मागे फिरण्यात. हा माणूस तबेल्यावर पोचला की खोगीर गाडीतच ठेवायचा आणि आधी घोडा रिकामा चालवून बघायचा. फिटर हा तिकडे स्वतंत्र पेशा आहे. 1966 साली स्थापन झालेली सोसायटी ऑफ मास्टर सॅडलर्स ही संस्था त्याची रीतसर परीक्षा घेते.

परत आल्यावर नियम केला: घोडा बघितल्याशिवाय ड्रेसाजचं (घोड्याकडून ठरलेल्या चाली नेमकेपणानं करून घेण्याच्या खेळाचं) सॅडल विकायचं नाही, आणि भेटीची फी वेगळी. वडिलांना हे अजिबात रुचलं नाही. ‘माप घ्यायचे पैसे? शिंपी घेतो का कधी?’ सुरुवातीला विक्री खरंच घसरली. दुरुस्तीच्या कामानं तगवलं.

ड्रेसाजपुरताच एवढा हट्ट का, असं अजूनही विचारतात. उडीच्या खेळात स्वार बराच वेळ रिकिबीवर उठलेला असतो. ड्रेसाजमध्ये तो दुडक्या चालीतसुद्धा बसून राहतो, आणि त्याच वेळी घोड्यानं पाठ वर उचलून मागचे पाय पोटाखाली आणावेत अशी अपेक्षा असते. पाठ दुखत असेल तर घोडा ती खाली टाकतो, मान वर करतो आणि गुण जातात. शिक्षक मुलाला ओरडतात, मूल टाच मारतं, घोडा आणखी ताठतो.

माप घेताना घोडा सपाट जमिनीवर, चारही पायांवर नीट उभा हवा. खांद्याच्या फऱ्याची मागची कड बोटांनी चाचपायची आणि तिच्या दोन बोटं मागे लवचिक पट्टी दाबून पाठीचा आकार कागदावर उतरवायचा. पुढचा पाय लांब पडतो तेव्हा फऱ्याचा वरचा भाग मागे सरकतो. खोगिराच्या सांगाड्याची टोकं तिथे आली तर प्रत्येक पावलाला ठेच. मागची हद्द शेवटच्या बरगडीची. घोड्याला साधारणपणे बरगड्यांच्या 18 जोड्या असतात. अठरावी शोधून तिच्या मागानं कण्यापर्यंत जायचं आणि खडूनं खूण करायची. वजन त्याच्या पुढेच राहिलं पाहिजे, मागे आधाराला बरगडी नाही. या दोन खुणांमध्ये जी जागा उरते तेवढीच आपली.

मग खोगीर कापडाशिवाय, नुसतं पाठीवर. दोन गाद्यांमधली पन्हळ पुढून मागेपर्यंत तीन-चार बोटं मोकळी हवी, कण्याला काही टेकता कामा नये. गादीखाली तळहात सरकवत न्यायचा. पुढे-मागे दाब आणि मध्ये पोकळी लागली तर तो पूल झाला. ते खोगीर परत गाडीत. विदर्सवरची (मानेच्या बुडाशी खांद्यांमधल्या उंचवट्यावरची) जागा स्वार बसल्यावर पुन्हा बघायची, कारण वजन आलं की खोगीर खाली येतं. शेवटी डावीकडून आणि उजवीकडून अशा दोन्ही फेऱ्यांत चाल, दुडकी, कँटर (संथ दौड). उतरल्यावर घामाचा ठसा बघतो. ओल्या ठशात मधेच कोरडा डाग दिसला तर तिथे दाब जास्त असल्याचा संशय घ्यायचा. विदर्सजवळ पांढरे केस उगवलेले असतील तर जुन्या खोगिराचा इतिहास वेगळा विचारावा लागत नाही.

आपल्याकडच्या क्लबांत रेस सोडून आलेले थरोब्रेड जातीचे घोडे बरेच. त्यांचे विदर्स उंच, फऱ्यामागे खळगा. ड्रेसाजचं काम नीट सुरू झालं की तो खळगा काही महिन्यांत भरतो आणि आज बसलेलं खोगीर तेव्हा घट्ट होतं. मारवाडी घोडा अंगानं अरुंद, परदेशातून आणलेला वॉर्मब्लड जातीचा घोडा रुंद, सपाट पाठीचा. शिवाय बऱ्याच घोड्यांचे दोन खांदे सारखे नसतात. तिथे मोठ्या खांद्याला जागा द्यायची आणि लहान बाजूला गादीतली लोकर वाढवायची.

स्वाराची पाळी यानंतर. बैठकीचं माप खोगिराच्या पुढच्या खिळ्यापासून मागच्या उंच कडेच्या मध्यापर्यंत घेतात, पण खरा प्रश्न मांडीच्या लांबीचा आणि कमरेच्या हाडांचा. खोगिरावरची रिकीब अडकवायची कडी पुढे असली की पाय पुढे जातो, स्वार खुर्चीत बसल्यासारखा मागे कलतो आणि सगळं वजन खोगिराच्या मागच्या कडेवर येतं. म्हणजे घोड्याच्या मापाचं खोगीरही स्वाराला बसलं नाही तर घोड्यालाच लागतं. कान, खांदा, खुबा, टाच एका रेषेत येतात का ते बाजूनं बघायचं. खोगिराचा मांड्यांमधला भाग रुंद असला की खुबे ताणले जातात. मुली हे निमूट सोसतात आणि ‘सर म्हणतात मी वाकडी बसते’ एवढंच सांगतात. एक जुने रायडिंग मास्तर मला नेहमी म्हणतात, ‘पोरांना बसता येत नाही आणि तुम्ही सॅडलला दोष देता!’ निम्म्या वेळा त्यांचं खरं असतं.

पेच पडतो तो दोघांची मापं भांडतात तेव्हा. एक उंच मुलगी, मांडी लांब, घोडा आखूड पाठीचा. आई म्हणाली, ‘दादा, सरळ 18 इंची द्या ना.’ पण त्या पाठीवर 17 इंचीच्या पलीकडे जागा नव्हती. बैठक कमी खोल घेतली म्हणजे बसायला जागा वाढते. पाखर, म्हणजे मांडीखालचं बाजूचं कातडं, लांब आणि किंचित पुढे कापलेली घेतली, गुडघ्याचा ठोकळा पुढे सरकवला, आणि गादीचं मागचं टोक वर उचललेलं घेतलं, म्हणजे पाठीवर टेकणारी लांबी आखूडच राहते. आई विचारते, ‘मग हे मोठं की लहान?’ म्हटलं, ‘ताई, बसायला मोठं, पाठीवर लहान.’ जिथे असं काहीच जुळत नाही तिथे मी घोड्याच्या बाजूनं निकाल देतो. त्यात काही गिऱ्हाइकं गेली.

हांगझोऊच्या आशियाई खेळांत 2023 साली भारतानं ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं सुवर्ण 1982 च्या दिल्लीनंतर पहिल्यांदाच. अनुष अगरवाल, दिव्यकृती सिंग, सुदीप्ती हाजेला आणि आपल्या मुंबईचा हृदय छेडा. त्यानंतर पालकांचे फोन वाढले. पहिला प्रश्न अजूनही बैठकीच्या इंचांचाच असतो, पण ‘घोडा कुठला?’ म्हटल्यावर आता कुणी चिडत नाही.

सांगाडा आणि शिलाई आजही कानपूरचीच. तिथल्या कारागिराला आम्ही पाठीचा कागद पाठवतो. सुरुवातीला तो हसायचा, आता कागद नसला तर काम हातात घेत नाही. लोकर मात्र आम्ही पुण्यात भरतो. ती पहिल्या काही महिन्यांत दबते, म्हणून तेव्हा एक फेरी, पुढे वर्षातून दोनदा. पावसाळ्यात कातड्याला बुरशी येते, त्या दिवसांत दुरुस्तीचं काम जास्त.

भेट ठरवताना एवढं बघा: घोडा कोरडा असावा, जुनं खोगीर समोर असावं, रोज बसणारा स्वार रोजच्याच बुटांत यावा. आणि मोतद्दाराला सुट्टी देऊ नका. तंग आवळताना घोडा कान मागे टाकतो का, हे मालकांपेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं. पुष्कळदा जुन्याच खोगिरात लोकर बदलून काम भागतं. तेव्हा फी फक्त भेटीची आणि लोकरीची.